सज्जनबाईंची बादली

घोडेगावच्या एसटी स्टँडवर उतरून बादलीवाल्या बाईंचं दुकान विचारा, कुणीही बोट दाखवील. दुकान चपलाबुटांचं, पण गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते ती बादली. काउंटरशेजारी निळी बादली, काठोकाठ पाणी. पावसाळ्यात जंगलात भटकायला निघालेली मंडळी बूट मागायला आली, की सज्जनबाई नमुन्याचा बूट सरळ पाण्यात बुडवतात, उपडा धरून निथळतात आणि पंख्याखाली खुंटीला अडकवतात. "बसा, चहा घ्या," म्हणतात. चहा संपला की बुटात बोट घालून बघायचं. वाळला असेल तर घ्या, नाहीतर दुसरा बुडवू. कुणी हसलं तर बाईंना राग येतो. बूट काय, शोभेला घेता का, असं तोंडावर विचारतात.

मी जहाँआरा. भिंतीला भिंत लागून माझं शिलाईचं दुकान आहे. त्या मला आपा म्हणतात, मी त्यांना भाभी. या बाईइतकी घाबरट बाई मी सबंध तालुक्यात पाहिलेली नाही, आणि हे मी त्यांनाही सांगून बसले आहे.

जैनांचं घर, त्यामुळे दुकानात चामड्याची एकही वस्तू नाही. रबर, प्लास्टिक, कापड नाहीतर जाळी. चातुर्मास लागला की बाईंचे नेम आणखी वाढतात. गावाची शीव ओलांडायची नाही, ओल्या हिरव्यावर पाय द्यायचा नाही. पावसात गवतात जीव फार, ते पायाखाली येतात. पंचायत समितीच्या आवारातून जवळची वाट असली तरी गवत आहे म्हणून या बाई डांबरी रस्त्यानं वळसा घालून जाणार. "भाभी, मुंग्यांनी तुमचा सत्कार करायला पाहिजे," असं मी म्हणते. त्या हसत नाहीत.

घाबरायला कारणही तसंच आहे. त्यांचे यजमान मिश्रीलालभाऊ. त्यांना साखरेचा आजार, मधुमेह होता. एका पावसाळ्यात ओल्या बुटानं टाच सोलली. साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं धड कळत नाही, आणि जे कळलं ते भाऊंनी लपवलं. "काही नाही झालं," म्हणत दुकानात उभे राहिले. शेवटी पाय कापावा लागला आणि त्यातून ते उठलेच नाहीत. पुढं एकुलत्या मुलीला, नीलमला, शाळेत असतानाच साखर निघाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवणं उरकली की सज्जनबाई मुलीचा पाय मांडीवर घेतात, तळव्याखाली छोटा आरसा धरतात आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळं तपासतात. एवढी मोठी मुलगी गुपचूप पाय देते. मी असते तर दिला नसता.

नीलम मंचरला कॉलेजात वनस्पतींचं शिकते. यंदा श्रावणात त्यांच्या वर्गाची सहल निघाली. आहुप्याच्या बाजूचं जंगल, पावसात उगवणाऱ्या आळंब्या बघायच्या, मुक्काम तिथंच. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, इंजेक्शनं सांभाळ आणि पाय जप. ओल्या बुटात फार वेळ राहायचं नाही, कातडी सोलू द्यायची नाही. सांगायला काय जातं! त्या दिवसांत तिकडं आभाळच जमिनीवर उतरलेलं असतं.

मग सुरू झाली बुटांची निवड. इतकी स्थळं मी माझ्या लेकीसाठी, कशिशसाठीही पाहिली नव्हती. गमबूट बाद, ओढ्यात वरून पाणी शिरलं की ते आतच डुचमळत राहतं. कॅनव्हास बाद, पाणी पिऊन जड होतं आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. पट्ट्यांचे सँडल लगेच वाळतात, पण बोटं उघडी. काटा लागला तर? प्रत्येक जोड बादलीत जायचा, खुंटीला लटकायचा आणि भाभी त्याच्याकडे दाराआडून पाहुणे बघावेत तशा बघत बसायच्या.

शेवटी जाळीचे बूट उरले. शिरलेलं पाणी चालता चालता बाहेर, आणि पंख्याखाली चहा संपायच्या आत आतला तळ कोरडा. पण बादलीवर त्यांचं मन भरेना. मायलेकींचं पाऊल एकाच मापाचं. बाईंनी तो जोड स्वतःच्या पायात घातला आणि भर पावसात, साडी वर खोचून, चालायला निघाल्या. स्टँडपासून बाजारपेठ, तिथून नदीचा घाट, घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहायचं आणि पुन्हा वर. जन्मभर सपाता घातलेली बाई बूट घालून फिरतेय, अख्खा बाजार बघत होता. दोनतीन दिवस हेच. मी विचारलं, "भाभी, लंगडताय का?"

"छे गं आपा. नवीन हायेत ना, म्हणून," त्या म्हणाल्या आणि वर खुशीत सांगू लागल्या, "वाळतात गं. लई छान वाळतात."

नीलम गेली. जाताना आरसा तिनं स्वतःच सॅकमध्ये टाकला. डिंभ्याच्या पुढं फोन लागत नाही, त्यामुळे त्या दिवशी भाभींनी फोनकडे बघणंही सोडून दिलं आणि तेच जास्त वाईट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलातून परतलेला एक पोरगा दुकानाच्या पायरीवर बसला. पायात तसलेच जाळीचे बूट. त्यानं एक काढून पायरीवर आपटला. गाळलेल्या चहाचा चोथा पडावा तशी तांबडी बारीक रेती आतून पडली. दुसरा आपटला, तितकीच. "काकू, चिखल जाळीतून आत शिरतो हो. टाच बघा माझी," म्हणत तो हसला. टाच लालभडक सोललेली होती.

भाभी वाकल्या आणि ती रेती बोटांनी चोळून बघत राहिल्या. मला काही कळेना, म्हणून विचारलं, काय झालं?

"आपा, मी डांबरावर चालले. घाटाच्या दगडावर चालले. चिखलात, गवतात पायच नाही घातला. नेम हाय ना माझा!" त्यांनी रेतीची बोटं माझ्यासमोर धरली. "पाणी वाळतं का एवढंच बघितलं मी. रेतीचं कुठं बघितलं? तिला तर टोचलेलं बी कळणार न्हाई. आणि कळलं तरी सांगायची न्हाई, बापावर गेलीय ती."

मला त्यांचा भयंकर राग आला. नेम सांभाळायला बाजारातले सगळे रस्ते मोकळे आणि पोरगी चिखलात! पण भांडायला वेळ नव्हता. मी आत गेले, मोडक्या छत्रीचं कापड उसवलं, नीलमचं माप डोळ्यांसमोर होतंच, आणि मशीनवर बसले. बुटाच्या आत घालायचे, वर नाडीनं आवळायचे मोजे. छत्रीचं कापड पाणी धरत नाही, झटकलं की कोरडं, आणि रेतीला वाट नाही. दोन जोड शिवले. शिवताना सुई दोनदा मोडली.

आहुप्याच्या बसमध्ये भाभी खिडकीशी बसल्या. गावाची शीव मागं पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. बस धुक्यात शिरली आणि मीच घाबरले. मनात नको ते येत होतं. मिश्रीलालभाऊंना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी दुकानाकडे वळून बघितलं होतं, ते डोळ्यांपुढून हलेना.

उतरल्यावर कळलं की पोरं खालच्या वाडीत, गेणभाऊंच्या घरी उतरलीत. वाट अशी नव्हतीच. नजर जाईल तिथं गुडघाभर ओलं गवत. भाभी कडेला थांबल्या. मी हात धरायला गेले तर त्यांनी सोडवून घेतला. "मिच्छामि दुक्कडम्," त्या पुटपुटल्या. कळत-नकळत दुखावलेल्यांची क्षमा मागायचे त्यांच्यातले शब्द. मग पाऊल टाकलं. पुन्हा शब्द, पुन्हा पाऊल. थोड्या अंतरावर सपात चिखलात रुतली, पट्टा तुटला. बाईंनी दुसरीही काढून टाकली आणि अनवाणी पळायलाच लागल्या. शब्द तेवढे चालूच होते.

गेणभाऊंच्या ओट्यावर नीलम पाय पसरून बसली होती. एकटीच. बूट वळचणीखाली उलटे टांगलेले.

"काय झालं पायाला?" भाभी दुरूनच ओरडल्या.

"अगं आई! तू इथं?" ती उठायला लागली, मग स्वतःच बसली. "काही फुटलं नाहीये. सकाळी आरशात टाच लाल दिसली. सरांना सांगितलं, मी येत नाही. सगळे गेले पुढं."

गेणभाऊ आतून आले. "लई शहाणी पोर हाय बाई तुमची. पोरं बोलवत व्हती, चल म्हून. नाय म्हनली. पाय धुतला, पुसला, तवापासनं हितंच बसलीय."

भाभींनी तिची टाच हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली, पुन्हा पुन्हा बघितली. लाल होती, पण कातडी शाबूत. त्या तिथंच ओट्यावर बसल्या आणि रडू लागल्या. मीही रडले, उगाच कशाला खोटं सांगू.

नीलमचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. "आई, पाय इकडे कर."

"चिखल हाय गं. काही नाही झालं."

नीलमनं एकदम वर बघितलं. मग ओट्यावरची पाण्याची बादली ओढली, आईचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि धुतला. चिखल गेला तसं दिसू लागलं. दोन्ही टाचांवर फुटलेले फोड, करंगळीपाशी जुनी जखम, तिच्याभोवती पिवळट कड. आजच्या चालण्याचं नव्हतं ते. बाजारात फिरून फिरून झालेलं होतं, आणि त्यावर मोजे चढवून बाई काउंटरमागं उभी राहत होती.

नीलमनं तळव्याखाली आरसा धरला. "बाबा पण हेच म्हणायचे, आई. काही नाही झालं."

भाभींनी पाय मागं घेतला नाही.

गेणभाऊंच्या घरून हळद आणि जुन्या लुगड्याचं धुतलेलं धडपं मिळालं. नीलमनं जखमा बांधल्या आणि माझ्याकडे हात केला. छत्रीच्या कापडाचे मोजे मी तिच्यासाठी शिवले होते. तिनं ते आईच्या पायात चढवले, वरून नाडी आवळली. माप बरोबर बसलं.

"घरी गेल्यावर आधी डॉक्टर," ती म्हणाली. "आणि रात्री माझ्या आधी तुझे पाय."