वारा पडायची वेळ

आर्डनेसच्या मैदानाची पूर्वेकडची भिंत म्हणजे बंदराचाच कठडा. ओहोटी असली की पलीकडे शेवाळलेले खडक उघडे पडायचे, आणि भरतीला लाटांचं पाणी थेट कॉर्नरच्या झेंड्यावर उडायचं. त्या मैदानावर रॅनल्ड गेडीज सतरा वर्षं बचावफळीच्या मधोमध उभा राहिला. गावातले म्हातारे अजूनही म्हणतात, तो धावायचा कुठे, नुसता वाट बघायचा आणि चेंडू आपणहून त्याच्यापाशी यायचा.

आठवडाभर तो हॅडक माशांना धुरी द्यायच्या शेडमध्ये कामाला असे. ओकच्या लाकडाचा तो वास त्याच्या केसांत इतका मुरला होता की बाहेरगावचे खेळाडू म्हणायचे, "हा दिसायच्या आधी नाकाला कळतो." शनिवारी मात्र तो धुक्यातून चालत मैदानावर यायचा आणि आभाळाकडे बघत उभा राहायचा. समुद्रावरचा वारा चेंडूला किती ढकलेल हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चेंडू पायातून सुटला की तो कुठे पडणार ती जागा त्याला आधीच दिसायची, झोपेत एखादं घर दिसावं तशी.

एकसष्टच्या जानेवारीत कप स्पर्धेत ग्लासगोचा एक बडा संघ आर्डनेसला आला. दोन वाजता खेळ सुरू झाला. संपायला आठ मिनिटं उरली तरी कुणाचाच गोल नव्हता. तेवढ्यात त्यांच्या एका पोराने डावीकडून लांब चेंडू मारला. वारा जोरात होता, चेंडू रेषेबाहेर जाणार हे रॅनल्डला स्पष्ट दिसलं. शेजारी बचावातला त्याचा जोडीदार डॉड पेट्री उडी मारायच्या बेतात होता. रॅनल्डने हात आडवा केला.

"सोड. जातोय बाहेर."

आणि वारा पडला. झेंडा काठीला चिकटला. चेंडू वरून सरळ खाली उतरला, जणू कुणीतरी हातातून अलगद ठेवला, आणि ग्लासगोच्या खेळाडूने तो नुसता पायाने आत सारला.

आर्डनेस हरलं. रॅनल्डला कुणी शिव्या दिल्या नाहीत, हेच वाईट. डॉड म्हणाला, "अरे, माणूस आहेस, चुकतो कधी," आणि बूट काढायला वळला. सोमवारी बेकरीवाली मात्र म्हणाली, "काय रॅनल्ड, पाव घेतोस, की तोही बाहेर जाऊ द्यायचा?" दुकानातले सगळे हसले. तोही हसला. पण पाव तसाच काउंटरवर राहिला.

त्या दिवसानंतर कामावर जायच्या आधी तो रोज रिकाम्या मैदानावर जाऊ लागला. गोलसमोर उभा राहून झेंड्याकडे बघायचा. धुकं गवतावरून सरकायचं, मधूनच गोलचे खांब दिसेनासे व्हायचे, आणि त्याला वाटायचं, तो चेंडू अजून वरच आहे, खाली आलेलाच नाही.

बंदर कचेरीत एल्स्पेथ कार्नेगी नावाची मुलगी कामाला होती. भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहायचं काम तिचं. तिच्या खिडकीतून मैदान दिसायचं. तीन आठवडे तिने पाहिलं, आणि एका सकाळी ती कठड्यापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही रोज काय शोधता इथे?"

"वारा," तो म्हणाला. "त्या दिवशी पडला तो का पडला, ते."

"साडेतीन वाजता ना?"

रॅनल्डने मान वळवली. "तुम्ही होतात बघायला?"

"छे. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. पण त्या दिवशी साडेतीनला भरती पुरी झाली होती. ओहोटी लागायच्या आधी पाणी जरा वेळ थांबतं. तेव्हा आपल्या बंदरात वाराही पडतो. नेहमी नाही, पण बऱ्याचदा."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्या कोळ्यांना. तुम्ही फुटबॉलवाल्यांनी कधी विचारलंच नाही."

तो कठड्यापाशी येऊन पाण्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "येत्या शनिवारी किती वाजता थांबेल?"

तिने सांगितलं. पुढे ती दर शनिवारी कागदाच्या कपट्यावर वेळ लिहून द्यायची आणि तो कपटा मोज्यात खोचून खेळायला उतरायचा. दोन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं.

त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये लीगच्या वरच्या श्रेणीत जायला आर्डनेसला शेवटचा सामना जिंकणं भाग होतं. गोल होत नव्हता. वाऱ्याने प्रत्येक चेंडू भलतीकडे नेला होता. मग आर्डनेसला कॉर्नर मिळाला, आणि आयुष्यात कधी मैदानाची मधली रेषा न ओलांडलेला रॅनल्ड सावकाश पुढे चालू लागला.

"कुठे निघालास?" डॉड मागून म्हणाला. "इथे कोण बघणार?"

"तू बघ. वारा पडतोय."

त्याने सांगितल्यावर क्षणभराने झेंडा खाली लोंबला. भिंतीपलीकडे पाणी आरशासारखं स्थिर होतं. चेंडू वर गेला आणि तिथेच राहिल्यासारखा वाटला. रॅनल्ड नंतर सांगायचा, त्याला त्यावरचे टाके मोजता आले असते. इतका वेळ होता की एल्स्पेथ कुठे बसली असेल हेही मनात येऊन गेलं. मग त्याने कपाळ पुढे केलं.

चारशे अकरा सामन्यांतला त्याचा तो एकच गोल. आर्डनेस वर गेलं, तीन वर्षांनी पुन्हा खाली आलं. रॅनल्ड गुडघे बोलू लागेपर्यंत खेळला आणि नंतर माशांना धुरी देत राहिला.

तो सत्तरीला आला तेव्हा क्लबने टेकडीमागे नवं मैदान बांधलं, चारी बाजूंनी उंच भिंतींचं, वारा म्हणून नाही. पहिल्या सामन्याला त्याला मानाने बोलावलं. मध्यंतरालाच तो घरी परत आला.

"कसं आहे?" एल्स्पेथने चहा ओतत विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला. "खुर्च्या मऊ आहेत." त्याने टोपी खुंटीला अडकवली, बंदराकडच्या खिडकीपाशी खुर्ची ओढली, आणि दोघं चहा पीत बसली.