कडीच्या डब्याला पोचा कसा आला

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर एकदम ओरडलात की तिकिटं काढली आहेत आणि आजीनं आणि धाकट्या आजोबांनी दोघांनीही यायचं. धाकटे आजोबा म्हणजे माझे दीर. त्यांनी फोन डाव्या कानाला लावून सगळं ऐकलं, "बरं, बरं" म्हटलं, फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. रात्री जेवताना म्हणाले, "वैनी, तुमी जावा. जितं माणसाची कमर तपासत्यात तितं मी येनार न्हाई."

तुम्ही विचाराल, का? याचं उत्तर मी बारा वर्षं टाळलं आहे. थोरल्या, माझी करंगळी वाकडी का, असं तू लहानपणी विचारायचास तेव्हा मी सांगायचे की रेल्वेच्या दारात सापडली. ते खोटं आहे. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलांचं खोटं कधी चालू दिलं नाही. आता तिकिटं आली आहेत, तेव्हा खरं सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. आई वाचून दाखवेल.

थोरल्या, तुझ्या जन्माच्या वेळची गोष्ट. तुझी आई तिकडं परदेशात एकटी होती. तुझे वडील कामासाठी दुसऱ्या शहरात अडकले होते आणि डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली होती. आईनं फोनवर एवढंच म्हटलं, "तू आलीस तर मी घाबरणार नाही." तुझे आजोबा तेव्हा हयात नव्हते. म्हणून गोव्याच्या विमानतळापर्यंत मला पोचवायला भावजी, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, निघाले. कुंभारवाड्याहून सकाळच्या बसनं रामनगर, तिथून लोंडा, लोंड्याहून घाट उतरणारी गाडी, मग विमान. यातलं एक चुकलं की पुढचं सगळं चुकणार होतं.

मला याद्या करायची सवय आहे. पासपोर्ट, गोळ्या, तुझ्या आईसाठी डिंकाचे लाडू, आमसुलं. लाडू कडीच्या स्टीलच्या डब्यात भरले. हातातल्या पिशवीतून कात्री काढली, नेलकटर काढला, सुया काढल्या. विमानात धारदार काही चालत नाही हे मी दोनदा वाचलं होतं.

गावाच्या शिवेवर, रस्ता रानात शिरतो तिथं किंदळीच्या झाडाखाली राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. घरातलं कोणी पाण्यापलीकडे निघालं की त्याला कोंबडा द्यायचा. मी बेळगावात वाढले. लग्न होऊन आले तेव्हा मला हे बघवत नसे. पुढे सवय झाली. त्या सकाळी भावजींनी कोंबड्याचे पाय धरले, मान दगडावर टेकवली आणि कोयत्याचा एक घाव घातला. मुंडकं शेवाळावर पडलं. धड त्यांच्या हातात धडपडत राहिलं, रक्ताची चिळकांडी माझ्या चपलेपर्यंत आली. एवढ्यात वळणावर बसचा हॉर्न वाजला. एरवी ते झऱ्यावर जाऊन कोयता धुतात. त्या दिवशी पानाला पुसला आणि पाठीमागच्या आकडीत अडकवला.

आकडी तुम्ही पाहिली आहे. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला बांधलेला लाकडी हूक. आमच्याकडचे पुरुष सकाळी उठले की आधी ती बांधतात, मग चहा पितात. रानात जायचं असो नाहीतर लग्नाला, कोयता पाठीवर असतोच. माझ्या पिशवीतली सुई मी शोधून काढली. भावजींच्या पाठीवरचा हातभर लांब कोयता मला दिसला नाही, कारण तो मला रोज दिसत होता.

लोंड्याला गाडी दोन तास उशिरा आली. आमचा डबा फलाटावर कुठे लागणार ते दोनदा बदललं, एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला. ओझं घेऊन आम्ही फलाटावर धावलो. आत शिरलो तर आमच्या दोन्ही जागांवर पिवळ्या शर्टांची टोळी बसलेली. दहा-बारा जण असतील, समुद्रावर मजा करायला निघालेले. माणसं वाईट वाटली नाहीत. त्यांच्यातल्या एका जाड मिशीवाल्यानं माझी बॅग स्वतः वर ठेवली. "द्या अज्जी, तुमी कशाला उचलताय." मला खिडकी दिली, एक बनपावही पुढे केला. भावजींना मात्र जागा देईनात.

"तिकीट हाय माझ्याकडं," भावजी म्हणाले. "नंबर बघा की."

"नंबर घरात लावा काका, दारावर," मिशीवाला म्हणाला. सगळे हसले.

"हसायला काय झालं? पैसे भरलेत न्हवं."

"मग उभं ऱ्हायचे पैसे परत घ्या जावा."

भावजींनी एकाचं मनगट धरून त्याला उठवायला पाहिलं. त्यानं त्यांना ढकललं. ते समोरच्या बाकावर तोंडावर आपटले आणि सदरा पाठीवर सरकला. बाजूच्या बाकावर एक बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. ती किंचाळली.

"कोयता! रगत हाय त्याला! रगत!"

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं असेल. मला ते अजून तुकड्या-तुकड्यांतच आठवतं. कुणीतरी मागून त्यांचा गळा आवळला. कुणी कोयता हिसकून बाकाखाली फेकला. ते खाली पडले तसे सगळे त्यांच्यावर तुटून पडले. कमरेचे पट्टे निघाले. बक्कल हाडावर लागलं की वेगळा आवाज येतो, तो मला त्या दिवशी कळला. त्यांनी हातांनी डोकं झाकलं तर हातावर मारलं, हात सुटले तेव्हा डोक्यावर मारलं. मिशीवाल्यानं त्यांचे केस धरून डोकं उचललं आणि उजव्या कानावर पंजा उघडून मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं. कानातून रक्ताची बारीक धार निघाली आणि मानेवरून सदऱ्यात गेली. दूरच्या बाकावरचे लोकही येऊन एकेक लाथ घालून गेले. "कुनाचं मुंडकं उडवलंस रं? बोल!" ते काय बोलणार? तोंड रक्तानं भरलं होतं.

मी मराठीत ओरडत होते. "कोंबड्याचं आहे! माझे दीर आहेत ते!" कुणी ऐकलं नाही. मी मध्ये शिरले तर एक कोपर छातीत बसलं आणि मी खिडकीवर आदळले. मग मला काय झालं कोण जाणे, मी वर्गातला आवाज काढला. "सिट डाउन! ऑल ऑफ यू, सिट डाउन!" दोघे खरोखर बसले. बाकीच्यांचे हात थांबले. माझं माणूस मरत होतं आणि त्याला वाचवायला मला इंग्रजी लागलं, याची लाज मला आजही वाटते.

तोवर गाडी घाटाच्या तोंडावरच्या स्टेशनात शिरली. तिथं मागून जादा इंजिनं जोडतात म्हणून गाडी बराच वेळ थांबते. त्यांनी भावजींना काखेत धरून फलाटावर टाकलं. कोयताही कुणीतरी आणून फलाटावरच्या पोलिसापुढे ठेवला. पोलीस वयस्क होता, घाई करणारा नव्हता. त्यानं कोयता वर धरून उन्हात फिरवला. मुठीजवळ, पातं लाकडात जातं तिथं, एक तांबडं पीस चिकटलं होतं. ते त्यानं नखानं सोडवलं.

"हे काय?"

"कोंबडा," भावजी म्हणाले. बोलताना एक दात ओठावर आला. "राखनदाराला दिला."

पोलिसानं पिवळ्या शर्टांकडे पाहिलं. "माणसाला मारलंसा. कोंबड्यासाठी."

"आमाला काय म्हाईत, साहेब? रगत दिसलं."

"मारायच्या आधी इचारायचं. तोंड हाय न्हवं?"

त्यानं पिवळ्या शर्टांची नावं लिहून घेतली आणि त्यांना गाडीत परत जाऊ दिलं. भावजींना दवाखान्यात नेऊन मग जबाब घ्यावा लागेल, असं तो म्हणाला. मला म्हणाला, "अक्का, तुमी ऱ्हाताय का जाताय? गाडी सुटंल आता."

मागची इंजिनं जोडून झाली होती. शिट्टी झाली. भावजी बाकावर बसले होते, उजवा हात कानावर, बोटांतून रक्त गळत होतं. मी त्यांच्याशी बोलत होते आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी थांबले असते तर विमान गेलं असतं आणि तुझी आई एकटी राहिली असती. मी गेले तर ते एकटे राहणार होते.

"वैनी, जावा," ते म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. "पोरगी वाट बघतीया. माझं काय, मी हितलाच."

मी गेले. हेच मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. गाडी हलली तेव्हा मी चढले.

आणि चढून बसले कुठे, तर त्याच जागेवर, त्याच माणसांत. दुसरीकडे बोट शिरायला जागा नव्हती. आता दोन्ही जागा रिकाम्या करून दिल्या होत्या. पायाखाली रक्त पुसायला कुणीतरी वर्तमानपत्र टाकलं होतं. एकानं पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली नाही. मिशीवाला माझ्यासमोर गुडघ्यांत मान घालून बसला होता. मग मान वर करून म्हणाला, "अज्जी, चुकी झाली. पर कोयता घेऊन कोन गाडीत येतंय?"

खरं तर तो माझाच प्रश्न होता. मीच कोयता पाहायला हवा होता. म्हणूनच मला तो प्रश्न सहन झाला नाही.

पहिला बोगदा आला. डब्यात दिवे नव्हते. दुसरा आला. मी लाडवांच्या डब्याची कडी मुठीत धरली. तिसरा बोगदा लांब होता. अंधार झाला, आवाज भिंतींवर आपटू लागला, आणि मी उठून उभी राहिले आणि लाडवांचा भरलेला डबा सगळ्या ताकदीनं समोर फिरवला. डबा हाडावर बसला. मिशीवाला विव्हळला. मी पुन्हा मारलं. दुसऱ्या फटक्याला माझी करंगळी कडीत अडकली आणि काटकी मोडावी तशी मोडली. मी तिसऱ्यांदाही मारलं. मला थांबायचं नव्हतं. बोगदा संपला म्हणून मी थांबले.

उजेड आला तेव्हा मी बसलेली होते. मिशीवाल्याच्या भुवईवरून रक्त डोळ्यात जात होतं. झाकण उघडून लाडू बाकाखाली घरंगळले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. खाली वाकून एकेक लाडू उचलून, शर्टाला पुसून, मिशीवाला माझ्या डब्यात ठेवू लागला. मी त्याला ठेवू दिले. तीन फुटले होते, ते त्यानं खिडकीतून टाकले.

विमानतळावर पोचले तेव्हा फाटक बंद व्हायला थोडाच वेळ होता. रांगेतल्या माणसांना मी कोपरांनी बाजूला केलं, विनवण्या केल्या नाहीत. तपासणी करणाऱ्या मुलीनं साडीवरचे डाग पाहिले.

"ब्लड?"

"कोकम," मी म्हटलं आणि आमसुलांची पिशवी दाखवली. तिनं वास घेतला आणि मान डोलावली. मग विचारलं, काही धारदार आहे का जवळ. मी नाही म्हटलं. पोचा आल्यामुळे डब्याचं झाकण अडकलं होतं, तिनं ते पट्टीनं उचकटून लाडू मोजल्यासारखे पाहिले आणि जाऊ दिलं. माझ्या काळ्यानिळ्या बोटाकडे कुणी पाहिलं नाही. पुढचे दोन्ही विमानप्रवास मी हात मांडीवर ठेवून ताठ बसून केले. तू जन्मलास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या आईजवळ पोचले. तिनं बोट पाहिलं. मी म्हटलं, दारात सापडलं.

कुंभारवाड्यात तेव्हा फोन क्वचितच लागायचा. भावजी घरी पोचले, हे मला सहा दिवसांनी कळलं. उजव्या कानाचा पडदा फाटला होता, दोन बरगड्या मोडल्या होत्या.

बोगद्यातलं मी त्यांना या सोमवारी सांगितलं. ते सुपाऱ्या सोलत होते. हात थांबले.

"कुटं लागलं त्याला?"

"भुवईवर."

"किती डाव?"

"तीन."

"तुमी? वैनी, तुमी?" त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "आनि लाडू?"

"तीन फुटले."

"तेवडं वाईट झालं," म्हणाले आणि पुन्हा सोलायला लागले. जरा वेळानं, मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी तुमी ऱ्हायला असता तर मी तुमाला कदी माफ केलं नसतं. पोरगी एकटी व्हती."

तेव्हा, पोरांनो, त्यांचं तिकीट परत करा आणि माझं ठेवा. मी येईन. त्यांना आणायचा हट्ट करू नका, आणि फोनवर ते मोठ्यानं बोलतात म्हणून हसू नका.

तो कोयता परत मिळाला नाही. आकडी तीच आहे, तिच्यात दुसरा कोयता आहे. त्यांचा डावा कान चांगला आहे. माझी करंगळी वाकडी आहे, पण लिहिता येतं. डबा स्वयंपाकघरात फळीवर आहे. पोचा तसाच आहे, आणि दाबलं तर झाकण अजून बसतं.