भूकंपासाठी बांधलेला हत्ती

हा किस्सा तुमच्यापैकीच कुणीतरी गावभर केलाय. नाव घेत नाही. पण तालमीपासून चहाच्या गाड्यापर्यंत मला बघून लोक ‘हत्ती, हत्ती’ करतात, म्हणजे कुणीतरी तोंड उघडलंच की! बरं, सांगायचा तर निदान नीट तरी सांगायचा. आता माझा मूर्खपणा मीच सांगतो.

नदीपासून दोन गल्ल्या आत आमचं छोटं संग्रहालय. तिथला सगळ्यांचा लाडका म्हणजे कच्च्या मातीचा रंगवलेला हत्ती. शंभरेक वर्षांचा, गुडघ्याएवढा. भट्टीत न भाजलेला, म्हणजे पाणी लागलं की चिखल.

मी नुकताच पुण्याहून जुन्या वस्तू जपायचं शिकून आलेलो. कोयनेकडं जमीन जरा हलली की आमच्याकडं मांडणीतली भांडी वाजतात, आणि हत्ती मात्र वरच्या मजल्यावर, डुगडुगत्या टेबलावर! मला झोप कशी यावी?

हादऱ्यात वरचा मजला जास्त हलतो. म्हणून मी हत्ती खाली आणला. फरशीत आठ बोल्ट मारून लोखंडी बैठक बसवली. बोल्ट हलू नयेत म्हणून वर सिमेंट ओतलं. हत्तीचे पाय मेणानं चिकटवले आणि अंगावरून मासे धरायची तंगूस आवळली.

आमचे शिपाई दस्तगीरचाचा एवढंच म्हणाले, “सर, पावसाळा तोंडावर हाय.”

मी त्यांना अर्धा तास भूकंपावर व्याख्यान दिलं. शेवटी ते चहा आणायला म्हणून उठून गेले.

जुलैत राधानगरी धरणाची दारं उघडली आणि पंचगंगा पात्र सोडून गल्लीत शिरली. दुपारी पाणी आमच्या पायरीला लागलं. चाचांनी तोवर सगळी कपाटं रिकामी करून सामान वर नेलं होतं. राहिला फक्त हत्ती.

मी कात्री घेऊन बसलो. तंगूस तुटली. बोल्ट? ते सिमेंटखाली. मेण? इतकं पक्कं, की हत्ती ओढला असता तर पाय तिथंच राहिले असते. पाणी उंबरा ओलांडून आत आलं. मग मी काय केलं असेल? इतकं शिकलेला माणूस मी, हत्तीला मिठी मारून रडायला लागलो!

चाचा शेजारच्या तालमीतून दोन पैलवान घेऊन आले. थोरल्यानं मला काखेत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. “सोडा की ओ त्याला,” म्हणाला.

दोघांनी पहारी घातल्या आणि जोर लावला. हत्ती, बैठक, बोल्ट, भोवतीची शहाबादी फरशी, सगळं एकदमच वर आलं, आणि तसंच जिन्यानं वरच्या मजल्यावर गेलं. हत्तीच्या शेपटीलासुद्धा धक्का नाही.

पूर ओसरल्यावर अध्यक्ष आण्णा पाहणीला आले. दालनाच्या मधोमध हा एवढा खड्डा, भोवती फरशीचे तुकडे. हे कशानं झालं, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी घसा खाकरला आणि भूकंपापासूनच्या संरक्षणाचं शास्त्र पहिल्यापासून समजावून सांगितलं.

खड्ड्यात उभं राहून माप घेणाऱ्या गवंड्यानं मान वर केली. “आण्णा, भूकंपानं बी एवढी फरशी उखडली नसती.”