धवलारणीच्या लेकीची हळद

माझ्या आईला अर्धा ठाणे जिल्हा ओळखतो. मला मात्र ती फक्त पावसाळ्यात भेटायची. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

आई, म्हणजे शकू, आमच्या आगरी लोकांतली धवलारीण. आमच्याकडे लग्नाचा एकेक विधी धवल्यावर, म्हणजे धवलारणीच्या गाण्यावर, चालतो. ती गाणार, मग मांडव सजणार. ती गाणार, मग हळद लागणार. भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणीवाचून पान हलत नाही. त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की आईच्या पायाला भिंगरी. आज कोनगाव, उद्या दिवा, परवा घोडबंदरला ओवळ्यात. लग्नघरची गाडी मानपाड्याला आमच्या दारात यायची, आई पदर खोचून बसायची आणि "निशी, बाबांचां ऐक गो," एवढं बोलून जायची.

एकदा घोडबंदर रोडला गाडी अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. तिकडे कासारवडवलीत नवरी पाटावर बसलेली. आईने गाडीतूनच फोनवर धवला लावला, तिकडच्यांनी फोन माइकपुढे धरला. आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा खाली झाल्या. ऑफिसातून टॉवरकडे परतणाऱ्या मंडळींनी फुकटात हळद ऐकली. हा किस्सा आई अजून रंगवून सांगते आणि मीही हसते. त्या दिवशी माझ्या दहावीचा निरोप समारंभ होता, हे ती सांगत नाही. तिला ते माहीत तरी आहे का, कोण जाणे.

घरी बाबा असायचे. बाबा म्हणजे राघो, जवळच्याच एका कंपनीत कामाला. त्यांनी हट्टाने कायम फर्स्ट शिफ्ट मागून घेतली, कारण मी शाळेतून यायच्या आत त्यांना घरी यायचं असे. माझ्या दोन वेण्या तेच घालायचे. भांग नागमोडी पडायचा, पण वेणी अशी घट्ट की भुवया वर चढायच्या. शाळेचं गॅदरिंग नेमकं लग्नसराईत येई, तेव्हा आयांच्या रांगेत हा एकटा बाप्या हात जोडून बसलेला असायचा. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई पिंपळासला कुणाच्या तरी मांडवात होती. बाबांनी शेजारच्या काकूंना हाक मारली, स्वतः दुकानात गेले आणि तीन तऱ्हेची पाकिटं घेऊन आले. कुठलं लागतं ते विचारायची त्यांना लाज वाटली होती.

तर माझं लग्न ठरलं. मांडवात धवला कोण गाणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. घरातच गंगा वाहत होती ना! शेवटी मीच विषय काढला. आई वालाच्या शेंगा सोलत बसलेली.

"माझ्या हळदीला तू गायचं नाहीस."

"मंग कोन गानार?"

"भीमामावशीला बोलव. तू माझ्या बाजूला बसायचं. आई म्हणून. एक दिवस बस, दुसरं काही मागत नाही मी."

ती बराच वेळ सोललेल्या शेंगाच पुन्हा सोलत राहिली. "मना नुसतां बसाला नाय जमाचां गो," ती म्हणाली.

"माहितीये. तरी बस."

आई हो म्हणाली. पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. आयत्या वेळी हिला चेव येईल, ही उठेल, गायला लागेल, आणि माझ्या शेजारची जागा माझ्या लग्नातही रिकामीच राहील, याची मला खरोखर भीती वाटत होती.

हळदीच्या दिवशी कोनगावहून भीमाबाई आली. आईच्या बरोबरीची धवलारीण, गळा खणखणीत. आई नवी साडी नेसून माझ्या शेजारी बसली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. भीमाबाईने सूर लावला तशी आई पुटपुटली, "लय वर लावलान." मी तिला चिमटा काढला.

मग नावं घेण्याचा धवला आला. यात नवरीच्या माणसांची नावं गुंफत जायचं असतं. आईच्या जागी आईचं, मामाच्या जागी मामाचं. भीमाबाईने गायलं:

"कुनी वाढविली गो हलदीची नवरी?
शकूमायनी वाढविली गो हलदीची नवरी..."

"थांब, भीमा," आई म्हणाली.

चालू धवला मध्येच तोडणं आमच्यात अशुभ मानतात, आणि एका धवलारणीने दुसरीला अडवणं तर कुणी ऐकलेलंही नव्हतं. माझं डोकं सणकलं. बसवलं नाहीच हिला, मी मनात म्हटलं.

"खोटां नको गाऊ," आई म्हणाली.

"आगो, तुजांच तं नाव घेतलां!"

"तांच खोटां हाय. हिला मी नाय वाढविली. राघोचां नाव घे."

बायका फिदीफिदी हसल्या. "आयशीच्या जागी बाप्याचां नाव? कवा कुनी घेतलंय काय?"

"नसंल घेतलां. आज घे."

भीमाबाई पण खट. तिने विचारलं, "मंग तू कुठं व्हतीस?"

"मी? मी वाटेन व्हती."

तिने हे रडत नाही सांगितलं, कुणी गाव विचारावं आणि आपण सांगावं तसं सांगितलं. मला मात्र समोरचं काही दिसेना. इतकी वर्षं हे तिच्या तोंडून ऐकायला मी टपून बसले होते, आणि ऐकल्यावर वाटलं, हिने हे म्हणायला नको होतं.

मांडवाच्या टोकाला बाबा सरबताच्या पिंपात बर्फ टाकत होते. तिथूनच ते ओरडले, "तिचां बी घे गो भीमाबाय! पोरगी काय मी एकट्यानी केली?"

सगळा मांडव हसून लोळला. भीमाबाईने ओळ दोनदा गायली, आधी राघोबाची, मग शकूमायची.

इतक्या पोरींच्या हळदीत आई कधी रडली नव्हती. रडलं की गळा बसतो, आणि धवलारणीचा गळा बसला की लग्न अडतं. आज तिला गायचं नव्हतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली, आणि माझी हळद तिच्या गालाला लागली.