दाबून ठेवलेलं प्रोटीन

पेणच्या एका लॅबमध्ये मी तेव्हा तंत्रज्ञ होतो. खाडीकाठच्या मिठागरात राबलेल्या एक मावशी कंबरदुखी आणि थकव्यामुळे शेजारच्या दवाखान्यात दाखल झाल्या. सोडियम आलं एकशे अठरा; एरवी एकशे चाळीसच्या आसपास असतं. एवढं उतरलं की माणूस बरळतो, झटके येतात. मावशी तर खाटेवर बसून सुनेला चिडवत होत्या. मी म्हटलं, "तुमच्या रक्तात मीठ कमी झालंय."

"जल्म मिठागरान गेला, न माज्या रगतान मीठ नाय? कोनाला सांगतंस, बाला?"

जास्त पाण्याने सोडियम आणखी उतरतं, म्हणून डॉक्टरांनी पाणी अगदी थोडं, मोजून द्यायला सांगितलं. सुनेने घरच्या खड्यामिठाची पुडी आणली, भाकरीच्या घासाघासाला चिमूट लावू लागली. तिसऱ्या दिवशी सोडियम एकशे सतरा. संध्याकाळी तीव्र मिठाचं सलाईन लावायचं ठरलं. सोडियम खरोखर कमी नसेल, तर हे सलाईन मेंदूवर उलटू शकतं.

आता आजवर कोणाला न सांगितलेलं सांगतो. पहिल्याच दिवशी त्यांचं प्रोटीन बारा आलं होतं. एरवी आठाच्या आत असतं. रक्तातून वेगळं काढलेलं सिरम पाकासारखं चिकट, पिपेटमधून थेंब सुटेना. माझंच काहीतरी चुकलं असणार, बोलणी कशाला खा, म्हणून तो आकडा मी दाबला.

त्या दुपारी पिपेट धुताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचं यंत्र सिरम पातळ करून मोजायचं, त्यात पाणी नेहमीइतकंच आहे असं धरून. इथे पाण्याची जागा प्रोटीनने अडवली होती. सोडियम असतं पाण्यात. पाणीच कमी आलं, तर आकडा उतरणारच!

रोह्याला एका मित्राकडे पातळ न करता मोजणारं यंत्र होतं. ताजं रक्त घेतलं, मोटरसायकल काढली. गडब, नागोठणं कधी मागे पडलं कळलंही नाही. छाती धडधडत होती, चक्क आनंदाने.

"एका सोडियमसाठी रोहा?" मित्र म्हणाला. "तुमचं यंत्र भंगारात दिलंत काय?"

"आधी लाव."

एकशे एकोणचाळीस. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "सलाईन लावू नका. सोडियम कमी नाहीच. प्रोटीन बारा आहे."

"प्रोटीन कधी केलंस?"

"आज," मी म्हणालो.

सलाईन टळलं. एवढं प्रोटीन म्हणजे रक्ताचा आजार असू शकतो, म्हणून तपासायला नमुना मुंबईला गेला, तीन दिवस उशिरा. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली. खाटेपाशी गेलो तेव्हा मावशी तांब्या तोंडाला लावून घटाघटा पीत होत्या.

"तीन दिसान पोटभर पानी भेटला," त्या म्हणाल्या, "तुज्यामुलं."

मी मान डोलावली.