आईच्या नाकावर ठरलेली सुट्टी

आमची आई साबणाच्या कारखान्यात वास घ्यायची. हे सांगितलं की लोक हसतात आणि मला लोकांचा राग येतो. हसण्यासारखं काय आहे त्यात? साबणाची नवी खेप तयार झाली की तिचा एक तुकडा आईच्या टेबलावर यायचा. आई डोळे मिटून वास घ्यायची आणि मान हलवायची. मान उभी हलली तर माल कागदात गुंडाळायला जायचा, आडवी हलली तर परत कढईत. कारखान्याचे मालक स्वतः तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, पण ती डोळे उघडेपर्यंत तेसुद्धा तोंड उघडत नसत.

त्या नाकापायी आमच्या घरात काय काय सहन केलं गेलं ते आमचं आम्हाला माहीत. अत्तर नाही, सुगंधी तेल नाही, उदबत्ती नाही. कामाच्या दिवशी सकाळी घरात कांदा चिरायचा नाही. मला किंवा धाकट्याला शिंक आली की आई ताट उचलून दुसऱ्या खोलीत. चोराला भ्यायची नाही इतकी ती सर्दीला भ्यायची. धाकटा लहानपणी तिला चिडवायला मुद्दाम खोटं खोटं शिंकायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

मग तो रोग आला. त्याची एक खूण म्हणजे माणसाला वास येईनासा होतो, हे ऐकल्यावर मला वाटलं आई आता नाकाच्या काळजीनं हाय खाणार. पण तसं झालं नाही. नाकाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. ती भ्यायली बाबांसाठी.

बाबा सुतार. आयुष्यभर रंधा मारला, भुसा छातीत जाऊन बसला. जिना चढताना दोनदा थांबायचे आणि थांबल्यावर कठडा किती कच्चा बसवलाय यावर टीका करायचे, म्हणजे दम लागल्याचं कुणाला कळू नये. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "ह्यांना हे दुखणं झालं तर छाती साथ देईल असं धरून चालू नका." त्या दिवसापासून आईनं घराचा उंबरठाच बांधून टाकला. बाहेरून आलेली पिशवी बाल्कनीत, चप्पल जिन्यात, माणूस सरळ मोरीत. कारखान्यातून आली की स्वतःचे कपडे उकळत्या पाण्यात. बाबांपासून ती हातभर लांब बसायची आणि तिथून त्यांच्या छातीकडे बघत राहायची. बाबा म्हणायचे, "अगं, दुकानातल्या कपाटाकडे बघतात तशी काय बघतेस? घ्यायचंय का मला?"

चेष्टा करायचे, पण खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना नेलं आणि चेष्टा संपली. घड्याळवाले म्हणजे बाबांचे पत्त्यातले जोडीदार. दुपारी हॉस्पिटलची गाडी आली. ते स्वतःच्या पायांनी चालत गेले, वर बघून त्यांनी हात हलवला. बाबा खिडकीत होते, त्यांनीही हलवला. घड्याळवाले परत आले नाहीत. त्यांच्या बायकोला दारातून एक पिशवी मिळाली, तिच्यात चष्मा आणि चपला होत्या. शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं, ते काही बोलले का, हे सांगायलाही कुणी नव्हतं. बाबांनी त्यानंतर खिडकीतली खुर्ची आत ओढून घेतली.

पुढे लाट ओसरली. दुकानं उघडली, रस्ते मोकळे झाले, आणि आमच्या धाकट्याच्या डोक्यात सुट्टीचं खूळ शिरलं. समुद्राकाठी एकटं घर, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आपली गाडी, आपला डबा, वाटेत कुणाशी संबंध नाही. "घरात कोंडून घेऊन आपण वेडे होऊ," तो म्हणाला. मी म्हटलं, "वेडं झालेलं परवडलं." आमची चांगलीच जुंपली. तो म्हणे सगळे जातायत, मी म्हणे सगळे विहिरीत उडी मारतील, म्हणून आपणही मारायची? आई हातातल्या कपड्याची पुन्हा पुन्हा घडी करत होती.

तेवढ्यात बाबा बोलले, "जाऊ या."

बाबांनी जन्मात कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. सणासुदीला नवा शर्ट आणला तरी "कशाला" म्हणणारा माणूस. "समुद्र बघून फार वर्षं झाली," ते म्हणाले. "आपण चौघं जाऊ. आता जाऊ, नंतर नको." त्या "नंतर नको" मधलं काही मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, म्हातारपणी हौस आली.

आईचा चेहरा बघवत नव्हता. नाही म्हणावं तर नवऱ्यानं पहिल्यांदा काही मागितलेलं, हो म्हणावं तर त्याच्याच जिवाशी खेळ. रात्रभर तिनं काय विचार केला कोण जाणे. सकाळी चहाबरोबर निकाल आला. "जायचं. पण निघेपर्यंत रोज मी सगळ्यांचं नाक तपासणार. एकाचंही चुकलं तर कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. समुद्र गेला खड्ड्यात."

दुकानातून तपासणीचा संच आणू या, असं मी सुचवलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. ज्या घरात इतकी वर्षं नाकाचा शब्द शेवटचा, तिथे डबीतल्या पट्टीवर कोण विश्वास ठेवणार?

तर रोज सकाळी आमची परेड सुरू झाली. आईनं कारखान्यातून साबणाचे तीन तुकडे आणले, प्रत्येक वेगळ्या रुमालात बांधला. ओळीनं बसायचं, डोळे मिटायचे. आई नाकाखाली रुमाल धरायची आणि आपण ओळखायचं. लिंबू, गुलाब, निलगिरी. बाबांची पाळी आली की ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बाबा मात्र शाळेतल्या हुशार मुलासारखे पटापट उत्तरं द्यायचे. तिन्ही बरोबर. मग आई श्वास सोडायची आणि आमच्यासाठी चहा टाकायची. एकदा बाबांना बारीक ठसका लागला तेव्हा तिनं तिन्ही वास पुन्हा एकदा ओळखायला लावले. पुन्हा तिन्ही बरोबर. "छातीत भुसा आहे गं, तो उडतो कधी कधी," बाबा म्हणाले.

निघायच्या दिवशीही सगळे पास झालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिना उतरताना ते घड्याळवाल्यांच्या दारापुढे जरा थांबले, मला वाटलं दम लागला.

शहर मागे पडलं. आई आणि बाबा मागच्या सीटवर, मध्ये पिशवी, काचा खाली. धाकटा खुशीत होता. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, जरा सैलावले होते. डब्यातली उकडलेली अंडी कधी खायची यावर आम्ही भांडत होतो. मग धाकट्यानं पेट्रोल भरायला गाडी थांबवली.

आता एक सांगायला हवं. बाबांना पेट्रोलचा वास अजिबात सहन व्हायचा नाही. पंप लांब दिसला तरी काचा वर, रुमाल नाकाला, आणि "लवकर आटपा रे, मळमळतंय" असा धोशा. तारुण्यात एकदा ते भर पंपावर ओकले होते. लग्नाआधी आईला घेऊन फिरायला गेले होते तेव्हाची गोष्ट, आई ती रंगवून सांगायची.

त्या दिवशी बाबा दार उघडून खाली उतरले. पाय मोकळे करतो म्हणाले. पंपाच्या नळीखाली पेट्रोल सांडून डबकं झालं होतं, त्याच्या शेजारी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला पुढच्या सीटवर बसून तो वास डोक्यात जात होता. बाबा तिथेच उभे राहून छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैच्या न्याहाळत होते.

मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती बाबांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं.

गाडी पंपाबाहेर आल्यावर आई म्हणाली, "जरा बाजूला घे." आवाज इतका शांत की धाकट्यानं लगेच गाडी कडेला घेतली. तिनं पिशवीतून रुमाल काढले. सुट्टीतही तपासणी चालू ठेवायची म्हणून तिनं ते बरोबर घेतले होते. "अहो, डोळे मिटा बघू."

"आत्ता? सकाळी झालं की."

"मिटा."

बाबांनी मिटले. आईनं निलगिरीचा रुमाल पुढे केला. तो वास गाडीभर पसरला, माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"लिंबू," बाबा म्हणाले.

आईनं लिंबाचा रुमाल धरला.

"गुलाब."

मग आईनं पिशवीतून स्वतःचा कोरा रुमाल काढला. त्यात काहीच नव्हतं. तो त्यांच्या नाकाखाली धरला.

"निलगिरी," बाबा म्हणाले आणि हुशार मुलासारखे हसले.

मला तेव्हा उलगडलं. कारखान्यातली रीतच तशी होती. आधी हलका वास, जड शेवटी, नाहीतर जड वास नाकात बसतो आणि हलका कळत नाही. आईचा हात इतकी वर्षं त्याच वळणावर गेलेला. घरीही तिनं रोज त्याच क्रमानं रुमाल धरले, तिला दुसरं सुचणं शक्यच नव्हतं. आधी लिंबू, मग गुलाब, शेवटी निलगिरी. बाबांना नाकाची गरजच पडली नव्हती.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

बाबांनी डोळे उघडले. सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांना कळलं. "ठसका लागला त्याच्या आदल्या दिवसापासून."

"बाबा!" धाकटा ओरडला. "वेड लागलंय का तुम्हाला? आई रोज तुमच्या नाकाशी रुमाल धरते, तिला लागलं असतं तर..."

"मला तिकडे नेतील," बाबा म्हणाले. "घड्याळवाल्याला नेलं तसं. मरायचं मला एवढं काही नाही रे. पण तिथे ओळखीचं कुणी नसतं. तोंडं झाकलेली माणसं असतात सगळी. मी म्हटलं, चार दिवस तुमच्यात काढावेत. समुद्राकाठी काय व्हायचं ते होईल." आणि ते रडायला लागले. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्यावर ओरडावं की त्यांना धरावं हे मला कळेना. धरायलाही भीती वाटत होती. माझ्याच बापाला धरायला मी भ्यायले.

आईनं मधली पिशवी उचलून खाली ठेवली आणि ती त्यांना चिकटून बसली. "गाडी वळव," ती धाकट्याला म्हणाली. "सरळ हॉस्पिटल." परतीच्या वाटेवर बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो मला मगाचपेक्षा जड वाटत होता. खरंच होता की भीतीनं वाटत होता, देव जाणे.

हॉस्पिटलच्या दाराशी काचेमागे एक परिचारिका बसली होती. तिनं बाबांच्या बोटाला यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि चाकाची खुर्ची मागवली. बाबांनी आईची ओढणी मुठीत धरली होती, ती सोडेनात. "आई, तू मागे हो," मी म्हटलं. फरशी नुकतीच पुसली होती, औषधाचा उग्र वास येत होता. आईनं नाक मुरडलं आणि सवयीनं म्हणाली, "फिनेल पातळ करतात मेले, नुसता भपका." हे तिनं मला सांगितलं, काचेपासून लांब, हळू आवाजात.

परिचारिकेनं विचारलं, "ह्यांच्याबरोबर घरात कुणाला त्रास आहे? ताप, खोकला, वास न येणं?"

आई पुढे झाली. "मला," ती म्हणाली. "मला सकाळपासून कसलाच वास येत नाही."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. कारखान्याच्या टेबलामागून मालकांनासुद्धा गप्प करणारी तिची ती नजर. मी तोंड मिटलं.

"मग तुम्हालाही आत राहावं लागेल," परिचारिका म्हणाली. "चाचणीचा निकाल येईपर्यंत दोघांना एकाच खोलीत ठेवते."

"चालेल," आई म्हणाली. सर्दीला भिऊन ताट उचलणारी आमची आई. खुर्चीच्या मुठीला धरून ती बाबांबरोबर त्या दारातून आत गेली, आणि दार लागलं.

निकाल आला तेव्हा आईलाही रोग निघाला. तो तिला घरातच लागला होता की त्या खोलीत, हे कुणाला कळणार? खोटं मात्र खरं झालं. बाबांच्या छातीनं डॉक्टरांना खोटं पाडलं, रडतखडत का होईना, ते परत आले. हळूहळू त्यांना वासही यायला लागले. आईला मात्र आले नाहीत. कारखान्यानं खूप वाट पाहिली, मग तिच्या टेबलावर दुसरं माणूस बसवलं.

आता दूध नासलंय का, हे बाबा हुंगून सांगतात. सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा पडतो. "माझ्यामुळे गेलं गं तुझं नाक," एकदा ते म्हणाले. "मी लपवलं नसतं तर..."

"हॉस्पिटलात यायच्या आधीच गेलं होतं," आई म्हणाली. "ओता ते दूध मोरीत. गाळणं लावून, नाहीतर तुंबेल."