बिजलीची बावीस वर्षं

आमच्या मालकांचं नाव पुंडलिक. गाव सिल्लोडकडचं, घर मुकुंदवाडीत, अन् सगळा जन्म गेला बिजलीच्या पिंजऱ्यापुढं. बिजली म्हंजे बिबट्याची मादी. संभाजीनगरच्या बाहेर एका संस्थेचं लहानसं प्राणिसंग्रहालय हाय, तिथं हे तिला रोज मांस घालायचे. मला कधी 'कडू, जेवलीस का' म्हणून इचारलं नाय, पण बिजलीनं एक तुकडा ठिवला तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मला लई राग यायचा, सवतीचा यावा तसा.

कुणी पाहुणा आला की ह्यांचं सुरू. रानातला बिबट्या बारा-पंधरा वर्षं जगतो, आमच्याकडं वीस काढतो. रानात कोण देतं त्याला औषधपाणी?

बिजली बारा वर्षांची व्हती तवा विदर्भातल्या जंगली जनावरांच्या एका केंद्रानं तिला मागितलं. तिथं पाच एकराचं कुंपण घातलेलं रान, झाडं, तळं. इथं चौदा पावलांचा पिंजरा. चकरा मारू मारू तिच्या तळव्यांची सालटं निघायची. संग्रहालयाचे डाक्टर म्हणले, मंगळवारी दुसऱ्या माणसाच्या हातनं खाती का बघू, खाल्लं तर पाठवू. मालकांची झोप उडाली. ती गेली तर तुमच्या हातात झाडू येईल, असं मीच बोलून बसले. वर अक्कल बी मीच दिली.

"सोमवारी तिचा उपास असतो, मंगळवारी ती भुकेलीच असणार. त्या माणसाच्या आधी जाऊन तुम्ही पोटभर घाला."

ह्यांनी तसंच केलं. दहा वाजता त्या माणसानं मांस टाकलं, तर बिजलीनं हुंगलं बी नाय. डाक्टरनं कागदावर लिहिलं, हिला हलवू नये, उपाशी मरेल.

मग ती आणखी दहा वर्षं जगली. दात गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी चकरा चालूच. पाहुण्यांना वर्षं सांगायचं ह्यांनी कधी सोडलं, मला कळलं बी नाय. मी इचारलं बी नाय. कोणत्या तोंडानं इचारणार?

गेल्या साली ती गेली. संस्थेनं ह्यांचा सत्कार ठेवला, शाल-नारळ दिला. बिबट्या बावीस वर्षं जगवणं म्हंजे खायचं काम नाय, असं नवे साहेब म्हणले, अन् ह्यांच्या हातात माईक दिला. ह्यांनी तो तोंडाशी धरला.

"त्या मंगळवारी मी तिला आधीच खाऊ घातलं व्हतं, साहेब. नायतर ती रानात गेली असती."

साहेबांना कुठला मंगळवार ठाऊक? त्यांना वाटलं, म्हातारं गहिवरलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या मंडपानं वाजवल्या. ह्यांनी माझं नाव घेतलं नाय, नुसतं माझ्याकडं बघितलं. उठून सांगायचं व्हतं मला, की अक्कल माझी व्हती. मी मान खाली घातली, अन् टाळ्या वाजवल्या.